माइकवरचं नाव

"गाडीचं पासिंग झालं, ऑक्सिजनची टाकी तपासून झाली, आता तोंडाचं पण पासिंग करून आणतो आरटीओतून," ड्रायव्हर दीपेश पाण्याची बाटली तोंडाला लावता लावता पुटपुटला. बोलला स्वतःशीच, पण काल्हेरच्या त्या ऑफिसात दोन टेबलांमध्ये जेमतेम वीतभर जागा. सरलाताईंना सगळं ऐकू आलं.

"तुझ्या तोंडाला परमिट कोण देणार?" त्या मान वर न करता म्हणाल्या.

दोन ॲम्ब्युलन्सचा कारभार सरलाताई बघायच्या. परमिट, विमा, ड्रायव्हरांच्या ड्युट्या हे जुनंच. अलीकडे ज्या हॉस्पिटलसाठी गाड्या लागल्या होत्या, त्यांनी आणखी एक काम गळ्यात घातलं होतं: पेशंटचं नाव आणि आजार गाडीबाहेर जाता कामा नये, हे ड्रायव्हरांना शिकवायचं. ड्रायव्हर माना डोलवायचे आणि टपरीवर जाऊन कोणाचं कुठलं ऑपरेशन झालं ते रंगवून सांगायचे.

दीपेशची गोष्ट मात्र टपरीवरची नव्हती. धामणकर नाक्यावर सायरनला कोणी भीक घालत नाही. रिकामी गाडीसुद्धा सायरन वाजवत निघते हे रिक्षावाल्यांना पक्कं ठाऊक. म्हणून इथल्या ड्रायव्हरांनी आपली रीत पाडली होती. सायरनचाच माइक उचलायचा आणि आत कोण आहे, काय झालंय, ते सरळ सांगून टाकायचं. आवाजाला न हलणारा माणूस नावाला हलतो. गेल्या महिन्यात दीपेशनेही तेच केलं. "वळच्या रामनाथशेठची करिष्मा हाय, जहर पिया है, गाडी बाजू लो भाई!" टेम्पोवाल्यांनी खाली उतरून रिक्षा ढकलल्या. पोरगी वेळेत पोचली, वाचली. बातमी त्याही आधी वळ गावात पोचली.

आता रामनाथशेठनी तक्रार केली होती, की ड्रायव्हरने माइकवर खोटं सांगून घराची बदनामी केली. ती खरी ठरली तर दीपेशची नोकरी जाणार होती, आणि ठरवायचं सरलाताईंनी.

दुपारी तिघं आली. पुढे रामनाथशेठ, मागे त्यांची आई राहीबाई आणि तिच्या आडोशाला करिष्मा. राहीबाईंनी बसायच्या आधीच दीपेशला न्याहाळलं.

"काशीचा ना रं तू?"

"हो आजी."

"तुझ्या बारशाला मी आलेली. मंग तरी असा बोललास?"

दीपेशने त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

"शेठ, हा माइकवर नेमकं काय बोलला, ते मला तुमच्या तोंडून हवं," सरलाताई म्हणाल्या.

"नको ते बोलला."

"म्हणजे?"

"पोरीचं नाव घेतलं."

"आणि?"

"आणि... तब्येतीचं बोलला."

"पोट बिघडलेलं तिचं," राहीबाई मध्ये पडल्या. "बाहेरचा वडापाव खाल्लेला."

"शिळी कोळंबी खाल्लेली," रामनाथशेठ त्याच वेळी म्हणाले. मायलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. राहीबाई सावरून म्हणाल्या, "दोन्ही."

सरलाताईंनी पंख्याकडे बघत हसू गिळलं. मग त्यांना त्या म्हातारीची कीव आली. महिनाभर घरात हा वडापाव आणि ही कोळंबी कशी नांदत असतील, कोण जाणे.

"दीपेश, तुला काही सांगायचंय?"

खरं बोललो, एवढंच तो म्हणाला असता तरी सुटला असता, निदान अर्धा. त्याने करिष्माकडे एकदा पाहिलं.

"पेशंटचं मी काय बोलणार न्हाय, ताई. तुम्हीच शिकवलाय."

शिकवलेलं पहिल्यांदाच पाळलं, तेही भलत्या वेळी. सरलाताईंना त्याच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला.

"बघा, तोंड उघडंना," रामनाथशेठचा आवाज चढला. "खोटा बोलला, घराची बदनामी केली. काढा याला, आजच्या आज."

बाहेर कंटेनर मागे घेताना कोणीतरी "आने दो, आने दो" करत होतं. राहीबाईंनी नातीचा हात दाबून धरला होता. करिष्माने तो हळूच सोडवून घेतला.

"त्यानी माझं नाव घ्यायला नको होतं," ती म्हणाली. "मला अजून नाक्यावरून जायची लाज वाटते. त्याला काय शिक्षा द्यायची ती नाव घेतल्याचीच द्या, ताई. पण खोटा न्हाय बोलला तो."

"करिष्मा, गप बस," रामनाथशेठ म्हणाले.

"कोळंबी न्हाय, वडापाव न्हाय, पप्पा. मला मरायचं होतं."