जड शेपटीची ट्रॉली

"दगड मागं ठेवा म्हणलं की मागं ठेवायचे. यात विचारायचं काय?"

सकाळचं ऊन अजून कोवळं होतं आणि मी गिरणीच्या दारात उभी राहून तिसऱ्यांदा हेच सांगत होते. रस्ता रुंद होणार म्हणून गिरणीची खोली पाडायची ठरली होती. मापाची लाल रेघ बरोबर माझ्या दारावरनं गेलेली. लेकानं खिंडीपलीकडं फाट्यावर नवी खोली बांधली होती आणि आज सगळं तिकडं न्यायचं होतं. लोखंडी सांगाडा, मोटर आणि दोन दगड. त्या दगडांना तीस वर्षं मी स्वतःच्या हातानं छिन्नीनं टाकी मारलीय. तसले दगड घडवणारा माणूस आता आसपास उरला नाही. दगड फुटले की गिरणी संपली, आणि गिरणी संपली की मी त्या घरात नुसती कोपऱ्यातली म्हातारी. हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. दाखवायचं कशाला?

लेकाची पिकअप म्हणजे टोमॅटोचे क्रेट वाहायची गाडी. तिच्या मागं त्यानं कुणाच्या तरी जुन्या ट्रॅक्टरची दोन चाकी ट्रॉली मागून आणून जोडली होती.

"आई," सून म्हणाली, "जड माल चाकांच्या पुढं पाहिजे. मागं ठेवला तर ट्रॉली शेपूट हलवते. बाबा सांगायचे."

तिचा बाप जन्मभर मोठ्या ट्रेलरवर ड्रायव्हर. आमच्या घरात 'बाबा सांगायचे' हे दिवसातनं दहादा निघतं.

"तुझ्या बाबांनी लोखंड चालवलं, मी बैलगाडी चालवलीय," मी म्हणाले. "उतारावर सगळं ओझं बैलाच्या मानेवर येतं. म्हणून थोडं मागं भरायचं, मान मोकळी ठेवायची. पुढं उतार आहे. ही गाडी आधीच किडकिडीत, तिच्या मानेवर दगड ठेवतेस होय?"

"आई, पिकअपला मान नसते."

"तुला तोंड आहे तेवढं पुरे."

लेक आम्हा दोघींच्या मधे पहार धरून उभा. त्याचं हे नेहमीचंच. एकदा इकडं बघतो, एकदा तिकडं बघतो आणि शेवटी माझं ऐकतो. दगड मागं गेले, पार मागच्या फाळक्याला टेकून. पिकअपचा मागचा भाग चांगला चार बोटं वर उचलला गेला.

"बघ," मी म्हणाले, "कशी हलकी झाली. जनावराला बरं वाटतंय."

सुनेनं दगडांच्या दोरांना आणखी एकेक गाठ मारली.

बसताना मी मधल्या जागेवर बसले. नवराबायको शेजारी बसले की रस्ता सोडून एकमेकांकडं बघत बसतात. गिअरचा दांडा दर वेळी माझ्या गुडघ्यावर येऊन आदळायचा, पण म्हणून काय मी जागा सोडणार होते?

सपाटीला गाडी बरी चालली. खिंडीपाशी मात्र डांबर संपलं. डावीकडं उभा कापलेला मातीचा कडा, उजवीकडं खोल नाला, आणि मधे सुटलेला तांबडा मुरूम. वारा असा कोरडा की दातांखाली माती यायची. उतार लागला आणि ट्रॉली मागनं ढकलायला लागली. आधी नुसती झुलली, पाळण्यासारखी. मग तिनं गाडीलाच डावे-उजवे झोके द्यायला सुरुवात केली.

"अहो, ब्रेक नका मारू," सून हळूच म्हणाली. "ॲक्सिलेटरवरनं पाय काढा. स्टेअरिंग सरळ धरा. आपोआप शांत होते."

"ब्रेक मार!" मी ओरडले. "काय करतोस? मार म्हणते ना!"

लेकानं माझं ऐकलं.

नंतर काय झालं ते मला एका तुकड्यात सांगता यायचं नाही. ट्रॉली गर्रकन फिरली, काही तरी दाणकन आपटलं, माझं डोकं सुनेच्या खांद्यावर आदळलं आणि सगळीकडं तांबडी धूळ झाली. धूळ बसली तेव्हा गाडी उभी होती. सुनेकडचं दार कड्याला घासून चेपलं होतं. लेकाच्या दाराला ट्रॉलीचा पुढचा कोपरा येऊन भिडला होता. दोन्ही दारं बंद. मी मधे.

"कुणाला लागलं?" लेकानं विचारलं. त्याचा पाय ब्रेकवर गच्च रोवलेला होता. "हँडब्रेक नावालाच आहे. मी पाय काढला की आपण गेलो."

सुनेनं मागची सरकती काच उघडली आणि मांजरासारखी बाहेर निघाली. एवढ्याशा जागेतनं माणूस जातं हे मला तेव्हा कळलं. मी तर त्यातनं फार तर हात बाहेर काढला असता.

तिनं चारी चाकांना धोंडे लावले आणि येऊन काचेतनं सांगितलं, "ट्रॉलीचं एक चाक नाल्याच्या कडेवर आहे. अर्धा टायर हवेत."

"दगड?" मी विचारलं.

"दोरांनी धरलेत. अजून."

सुनेनं पुढचे धोंडे तेवढ्यापुरते बाजूला केले आणि लेकानं पहिला गिअर टाकून पुढं घ्यायचा प्रयत्न केला. मागची चाकं नुसती गरगर फिरली, मुरूम उडाला, गाडी होती तिथंच.

"थांबा! थांबा!" सून ओरडली. "नाल्याची कड सुटतेय! अहो, मागची चाकं जमिनीला टेकलीच नाहीत धड. वजनच नाही त्यांच्यावर. ट्रॉलीनं गाडीचं ढुंगण उचलून धरलंय."

मी समोरच्या काचेकडं बघत राहिले. चार बोटं. मीच मोजली होती.

"दगड पुढं घ्यायला लागतील," ती म्हणाली. "एकटीनं नाही व्हायचं."

लेकानं माझ्याकडं बघितलं. "आई, इकडं सरक. माझ्या पायाशेजारी पाय ठेव. हा ब्रेक. दाबून धर, नुसत्या धोंड्यांवर भागायचं नाही. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही."

सासू म्हणून मी आजवर कुणाच्या सांगण्यावरनं बोट हलवलं नव्हतं. पण मी सरकले, पाय ठेवला आणि दाबला. लेक कसाबसा काचेतनं मागं गेला, त्याचा शर्ट तिथंच फाटला.

आणि मग मी एकटी. आरशाची काच फिरलेली, त्यात नुसतं आभाळ दिसत होतं. दोन्हीकडनं दारं अंगावर आलेली, आत भट्टीसारखी उष्णता. घाम डोळ्यांत जात होता, पण पुसायला हात उचलावा तर पाय ढिला पडेल अशी भीती. पोटरीत गोळा आला. मागनं पहारीचा आवाज येत होता, लोखंडावर दगड खरवडल्याचा. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. पोरं दगड ओढत होती.

"ओढू नका!" मी ओरडले. "दगड ओढायचा नसतो! पहारीनं उचला आणि कडेवर उभा करा! चाकासारखा चालवा! मागनं पाचर लावत या, नाहीतर उलटा येईल!"

बाहेर पहार थांबली. मग सुनेचा आवाज आला, "आई, कुठनं उचलू?"

लग्नाला चार वर्षं झाली. तिनं मला काही विचारायची ही पहिली वेळ. आता मी तिला कधी विचारू दिलं होतं का, ते राहू दे.

"एका बाजूला टवका उडालाय, बोटाएवढा. तिथनं नको. त्याच्या बरोबर समोरनं उचल."

"सापडलं!"

मग पहार, धापा, "हां, हां, पाचर", पुन्हा पहार. एकदा लेक जोरात ओरडला आणि मी ब्रेक आणखी दाबला, पण पाचरीनं धरलं असावं. मग धप्प झालं आणि माझ्याखालची सीट दोन बोटं खाली गेली. दुसऱ्या दगडाला आणखी दोन. गाडी जमिनीवर बसली. सकाळी ज्याला मी जनावराला बरं वाटतंय म्हणाले होते, ते काय होतं, हे मला माझ्या बसायच्या जागेनं सांगितलं.

लेक आत आला, मी पुन्हा मधे चेपले गेले. सून बाहेरच उभी राहिली, धोंडे काढायला. "हळू," ती म्हणाली, "ब्रेकला हात लावू नका."

"पायानं लावतात ब्रेक," मी म्हणाले. काही तरी बोलायला हवं होतं.

चाकांनी मुरूम धरला. पत्रा कड्याला करकरला, ट्रॉलीचा कोपरा दारापासनं सुटला आणि ती मुकाट मागं सरळ झाली. पुढच्या वळणावर जरा सपाट जागा होती. तिथं लेकानं लाथ घालून आपलं चेपलेलं दार उघडलं. सून घामानं आणि मातीनं लाल होऊन चालत आली आणि गाडीत चढायला लागली.

"थांब," मी म्हणाले. "मी तिकडं खिडकीशी सरकते. तू मधे बस. माझा गुडघा फुटलाय."

तिनं माझ्या गुडघ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि गुपचूप मधे बसली. उरलेला उतार आम्ही माणूस चालतो तसे उतरलो. ट्रॉलीनं एकदाही शेपूट हलवलं नाही.

फाट्यावर वेल्डिंगवाला वाट बघत उभा होता, सांगाडा बसवायला. चार रिकामी माणसंही होती, ती कुठंही असतातच. लेक उतरला, त्याच्यामागं सून उतरली. मी माझ्या बाजूचं दार ढकललं. चेपलेलं दार हलेना. काच खाली घ्यायला गेले, तीही अडकलेली. सुनेसारखं सरकत पलीकडच्या दारानं उतरायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून मी तशीच बसले, जणू मलाच उतरायची घाई नाही.

वेल्डिंगवाल्यानं ट्रॉलीभोवती एक फेरी मारली, हुकाशी वाकून बघितलं. "एवढीशी गाडी आणि एवढं ओझं," तो म्हणाला, "आणि खिंड उतरून आलात? माल कुणी लावला हो? अगदी जिथं पाहिजे तिथं."

लेकानं सवयीनं तोंड उघडलं. "आईनं—"

मी काचेवर थाप मारली. "सुनेनं!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. बंद काचेतनं ऐकू जाईना. वेल्डिंगवाल्यानं कानाला हात लावला.

"सुनेनं लावला!"

"काय म्हणताय, मावशी?"

सून दोन पावलांवर उभी होती, ओढणीनं तोंड पुसत. पुसायचं कधीच संपलं होतं, तरी पुसतच होती.

"सुनेनं! माझ्या सुनेनं लावला माल! कान फुटलेत का सगळ्यांचे?"

जन्मात एकदाही म्हणायचं नव्हतं, ते मला तीनदा ओरडून म्हणावं लागलं. तिला पहिल्या ओरडण्यालाच ऐकू गेलं होतं, असा माझा दाट संशय आहे.