सुई ओवेपर्यंतचा दिवस

आमचे हे शिंपी. दिवा लावून काळं कापड शिवायचं नाही, हा यांचा बाणा. संध्याकाळी सुईच्या नेढ्यात काळा दोरा ओवून बघायचा. ओवता आला नाही की सूर्य मावळला. मग मला हुकूम सुटतो, "लिही." आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरात वेळ लिहिते. तीस वर्षं हेच! गिऱ्हाईक दारात उभं आणि मी पेन शोधतेय.

छापील सूर्यास्ताशी यांची वेळ दोन-चार मिनिटांच्या फरकाने जुळायची. डिसेंबरच्या सुरुवातीला सगळ्यात लवकरची वेळ यायची, मग संध्याकाळ हळूहळू लांबायची आणि हे अडलेले काळे कोट हातात घ्यायचे. यंदा मात्र डिसेंबर संपत आला तरी यांची वेळ मागेच सरकत होती. पाच अडतीस, पाच तेहेतीस, पाच सव्वीस. चार कोट खुंटीवर, आणि चारही कोटवाले रोज माझं डोकं खायला हजर. उद्या, उद्या सांगून माझी जीभ झिजली.

"अहो, छापलंय बघा, सूर्यास्त पाच पंचेचाळीसला. दिवस मोठा व्हायला लागलाय."

"छापणाऱ्यांना काय कळतं? त्यांनी कधी सुई ओवलीय?"

नाचता येईना अंगण वाकडं, असं मनात म्हणून मी वेळ लिहून टाकली.

काल मात्र तावातावाने यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. हे खिडकीशी बसून दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करत होते. एकदा, दोनदा, पाचदा प्रयत्न झाला. दोरा दर वेळी नेढ्याच्या बाजूनेच जात होता.

"मावळला. लिही, पाच अठरा."

मी पेन उचललं. खिडकीतून आलेलं ऊन यांच्या हातावर, सुईवर, कापडावर पडलं होतं. चांगलं पिवळंधमक. माझा राग कुठल्या कुठे पळाला. यांचं सगळं आयुष्य त्या नेढ्यातून गेलंय.

"अहो, ऊन आहे अजून. तुमच्या हातावरच आहे."

यांनी हात उलटासुलटा केला.

"ऊब लागत होती खरी," हे हळूच म्हणाले. "म्हटलं, मावळल्यावरही राहत असेल थोडी."

"उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं!" मी ओरडले. हळू बोलले असते तर रडू फुटलं असतं.