मून पॅलेसचा एग रोल

देवाजी रामटेकेंना नवी कवळी बसली तो मंगळवार होता. दातांच्या डॉक्टरांनी आरशात हसून बघायला लावलं आणि आठवडाभर खिचडी, वरणभात असं मऊच खा म्हणून दोनदा बजावलं. देवाजींनी दोन्ही वेळा मान डोलावली. नागपूरच्या इंदोऱ्यातल्या घरी परतल्यावर यमुताईंनी विचारलं, "काय करू जेवाले?"

"एग रोल," देवाजी म्हणाले.

"काय?"

"मून पॅलेसचा एग रोल. दीड वर्ष पेज पिऊन काढलं मी. आता नव्या दातानं पहिला घास घेईन तं त्याचाच."

यमुताईंनी हातातला तांदळाचा डबा पुन्हा फळीवर ठेवला. मून पॅलेस हे सदरमधलं चिनी हॉटेल बंद पडून वीसेक वर्षं झाली होती. तिथे आता मोबाइलचं दुकान होतं. पण यमुताईंच्या कपाळावर आठी चढली ती त्यामुळे नाही.

गोष्ट एक्क्याऐंशी सालची. देवाजी कोराडीच्या पॉवर हाऊसमध्ये बॉयलरवर कायम झाले आणि त्याच महिन्यात लग्न झालं. पहिल्या रविवारी नवी नवरी घेऊन ते बसने सदरला आले, मून पॅलेसमध्ये शिरले आणि मेन्यूवरच्या ज्या पदार्थाचं नाव धड वाचता आलं तो मागवला. अंड्याच्या पातळ, कुरकुरीत आवरणात गुंडाळलेलं वाफाळतं सारण होतं. दोघांनीही तसं काही आधी खाल्लं नव्हतं. इथपर्यंत दोघांचं एकमत होतं.

पुढे मात्र दोन कथा होत्या. देवाजी म्हणत, प्लेटमध्ये चार रोल होते, आम्ही दोन-दोन खाल्ले. यमुताई म्हणत, चार होते हे खरं, पण यांनी तीन खाल्ले आणि मला एक दिला. ही कथा त्या चव्वेचाळीस वर्षं सांगत आल्या होत्या. नणंदांना सांगितली, शेजारणींना सांगितली, मुलाच्या, अश्विनच्या लग्नात विहीणबाईंना पंगतीत सांगितली. "लग्नाले पंधरा दिवस नव्हते झाले, अन् हे असे," इथे त्या थांबत, म्हणजे ऐकणारीला देवाजींकडे बघायला वेळ मिळे.

संध्याकाळी अश्विन ऑफिसातून आला. बापाची इच्छा ऐकून त्याने फोन काढला आणि अर्ध्या तासात दारात पुडकं आलं. देवाजींनी चांदीचा कागद सोलला. आत पराठा होता, पराठ्याला अंडं चिकटवलेलं, वरून कांदा आणि लाल चटणी.

"हे काय आहे?"

"एग रोल, बाबा."

"ही तं पोळी आहे गा."

"आता यालेच एग रोल म्हणतात."

"म्हणू दे," देवाजी म्हणाले आणि पुडकं मुलाच्या हातात परत दिलं.

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला. देवाजी स्कूटीवर पुढे, यमुताई मागे. धरमपेठेत भिंतीवर ड्रॅगन रंगवलेलं एक हॉटेल होतं. ते 'पंचवीस वर्षं जुनं' आहे असं पाटीच सांगत होती. तिथल्या वेटरने अत्यंत आदराने सांगितलं की श्रावण असल्यामुळे अंडं बंद आहे, एग रोलमध्ये पनीर घालून देऊ. गांधीबागेत कापडाच्या दुकानांमागे एक अंधारी खानावळ सापडली. तिथे नाव चिनी होतं, पण मिळत होती फक्त तर्री-पोहे आणि कचोरी. देवाजींनी पाटीबद्दल विचारलं तर मालक म्हणाला, "पाटी पहिलेच्या मालकाची आहे. चांगली होती म्हणून ठेवली."

"आपलं वय काय, आपण करून काय राहिलो," यमुताई मागून म्हणाल्या.

"तू घरी राह्य ना मग."

"अन् तुम्ही एकटे खासान? एकदा झालं तेवढं पुरे."

शनिवारी संध्याकाळी ते बर्डीच्या बाजारात नत्थूच्या चायनीजच्या ठेल्यापाशी पोचले. नत्थू साठीचा, बारीक माणूस. मोठ्या कढईखालचा जाळ कमी करून त्याने देवाजींचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, तुमाले स्प्रिंग रोल पाह्यजे."

"मले एग रोल पाह्यजे."

"तुम्ही जे सांगून राहिले ते स्प्रिंग रोलसारखंच आहे. खाऊन तं पाहा."

रोल आला. बाहेरून रंग बरोबर होता. देवाजींनी डोळे मिटले आणि करकचून चावा घेतला. नत्थूचं आवरण कुरकुरीत नव्हतं, चिवट होतं. देवाजींनी हात मागे ओढला तेव्हा रोलबरोबर वरची कवळीही तोंडातून बाहेर आली. ती रोलमध्ये घट्ट रुतून बसली होती आणि तिच्या दातांमधून नूडल्स लोंबत होते.

ठेल्यावर उभी असलेली चार-पाच माणसं वळून बघायला लागली. कॉलेजच्या दोन मुलींनी आपल्या प्लेटा हळूच खाली ठेवल्या. यमुताईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते, म्हणून एका बाईने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. तिला वाटलं, त्या रडताहेत.

नत्थूने मात्र बिसलेरीची बाटली उघडली, कवळी धुऊन दिली आणि देवाजींना स्टुलावर बसवलं. "मून पॅलेसचा म्हणाले न तुम्ही? मी तिथी चार वर्षं कांदे कापले. ते आवरण साऱ्याइले जमत नाही. म्हाताऱ्या मालकाले जमे, अन् त्याच्या पोरीले."

"पोरगी कुठी असते?"

"सदरमधीच. मागच्या गल्लीत ब्यूटी पार्लर आहे तिचं. लिलीताई."

रविवारी सकाळी दहा वाजता दोघं पार्लरसमोर उभे होते. दारावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'फक्त महिलांसाठी. पुरुषांनी बाहेर थांबावे.' देवाजींनी ते दोनदा वाचलं.

"तू जा," ते म्हणाले. "विचारून ये."

"मी? मी जलमात अशा ठिकाणी नाही गेली."

"एवढंच विचारायचं आहे, एग रोल करता का म्हणून. दोन मिनिटाचं काम."

यमुताई पदर सारखा करून आत गेल्या. देवाजी उन्हात उभे राहिले. दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. त्यांनी उन्हापासून बचाव म्हणून हेल्मेट घातलं. दारातून ये-जा करणाऱ्या बायका हेल्मेट घातलेल्या म्हाताऱ्याकडे वळून बघत होत्या, म्हणून मग त्यांनी ते काढलं. सव्वा तासाने यमुताई बाहेर आल्या. त्यांचे केस काळेभोर होते आणि चेहरा चकाकत होता.

देवाजींना आधी कळलंच नाही की ही आपली बायको आहे.

"झालं काय वं तुले?"

"नुस्तं विचारून निघाले तं बरं दिसते का? म्हटलं, थोडा रंग लावून द्या." यमुताई स्कूटीच्या आरशात बघत होत्या. "डोकंबी दाबून दिलं तिनं. काय सांगू तुमाले."

"एग रोलचं काय झालं?"

"ते उद्या. सोमवारी पार्लर बंद असते. तुमालेबी घेऊन या म्हणे."

लिलीताई सत्तरीच्या होत्या. मूळ नाव मेई-लिंग, पण त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. आजोबा चीनमधून आधी कलकत्त्याला आणि तिथून नागपूरला आले. लिलीताई सदरमध्येच जन्मल्या, वाढल्या. सोमवारी त्या दारातच म्हणाल्या, "या गा दादा, आज पाटी उलटी करून ठेवली आहे."

पार्लरच्या मागे लहानसा ओटा होता. लिलीताईंनी अंडी फेटली, त्यात चमचाभर मैदा कालवला आणि तव्यावर कागदासारखं पातळ धिरडं पसरलं. ते डाव्या हाताने उचलून पाटावर टाकलं, आत कोबी, कांद्याची पात आणि परतलेलं चिकन भरलं, गुंडाळी केली आणि तेलात सोडली. त्यांचं बोलणं एकीकडे चालूच होतं. देवाजी मान लांब करून बघत होते.

ताटली समोर आली. तीन रोल होते.

"चौथा तळून राहिल्या का?" देवाजींनी विचारलं.

"चौथा कशाचा? प्लेट तिनाचीच. बाबा कधी चार देतच नव्हते. चार म्हणजे आमच्यात अपशकुन. मेन्यूवर छापलंच होतं, तीन पीस."

यमुताई ताटलीकडे बघत राहिल्या. मनातल्या मनात त्या काहीतरी वजा करत होत्या.

"म्हणजे मी दोनच खाल्ले," देवाजी हळूच म्हणाले.

"अन् मले एकच दिला. ते तं खरंच निघालं."

"पण तीन नाही खाल्ले."

"दोन-दोनबी नाही झाले." यमुताईंनी श्वास सोडला. "आता मी काय साऱ्या नात्यात फोन करत बसू? अर्धी माणसं तं गेली."

"विहीणबाईले तरी कर."

"पाहीन," यमुताई म्हणाल्या. त्या पाहणार नव्हत्या, हे देवाजींना कळलं.

देवाजींनी एक रोल उचलला. या वेळी त्यांनी घाई केली नाही. आवरण कर्रकन तुटलं, कवळी जागेवर राहिली. आतल्या वाफेने जीभ पोळली. ते बराच वेळ चावत राहिले. लिलीताई झारा हातात धरून वाट बघत होत्या.

"तसाच आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही," देवाजी म्हणाले. "त्याच्याहून चांगला आहे. तवा मी लई घाबरलो होतो. बिल किती होते म्हणून, अन् ही काय म्हणते म्हणून. चवीकडे ध्यानच नव्हतं माझं."

यमुताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. हे देवाजींनी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी दुसरा रोल घेतला, तिसरा मधोमध तोडला आणि मोठा तुकडा कुणाचा यावर कुणी काही बोललं नाही.

यमुताई दर सोमवारी दुपारी सदरला जायला लागल्या. त्यांना ते धिरडं शिकायचं होतं आणि लिलीताईंना गप्पा मारायला माणूस हवं होतं. महिनाभरात बावीस धिरडी फाटली, तेविसावं अख्खं निघालं. एकदा अश्विन आईला घ्यायला आला तेव्हा दोघी मागे ओट्यापाशी कशावरून तरी हसत होत्या. जागा अपुरी म्हणून त्याचे वडील बाहेर पार्लरच्या फिरत्या खुर्चीत बसले होते. मांडीवर परात होती आणि ते केस वाळवायच्या यंत्राखाली अगदी बारीक कोबी चिरत होते.