उशिरा पडलेले खळे

मी एक जुने उबेचे कपाट आहे. मित्रांनो, तुमच्या कपाटात कपडे असतात; माझ्या पोटात जंतू वाढत. दवाखान्यातून रुग्णांचे नमुने येत. प्रयोगशाळेतल्या बाई ते काचेच्या बशीत पसरत, वर औषधात भिजवलेल्या कागदी टिकल्या ठेवत आणि बशी माझ्या हवाली करत. माणसाच्या अंगाला असते तेवढी ऊब मी देई. औषध लागू पडणारे असले, की टिकलीभोवती जंतू वाढत नसत आणि चंद्राला पडते तसे स्वच्छ खळे दिसे. "कपाट आमचं गुणाचं," म्हणत बाई माझे दार पुसत.

पुढे खळी आक्रसू लागली. लोक साध्या सर्दीलाही, उपयोग नसताना, ही जंतू मारणारी औषधे घेत, नाहीतर जरा बरे वाटताच अर्ध्यावर सोडत. वाचलेले जंतू औषधांना जुमानेनासे झाले.

एकदा बशी आली ती बाईंच्या ताईची. गाणे शिकवणाऱ्या ताईंच्या रक्तात जंतू शिरले होते. सकाळी बाईंनी दार उघडले. एकाही टिकलीभोवती खळे नव्हते. ताईंचे डॉक्टर धावत आले.

"दुसरं काही?"

"सगळी लावून पाहिली," बाई म्हणाल्या.

ताई गेल्या.

बाईंनी तो जंतू गोठवून जपला आणि नव्या औषधाच्या मागे लागल्या. मातीतले काही सूक्ष्मजीव दुसऱ्या जंतूंना मारतात, म्हणून जातील तिथली माती त्या आणत आणि तिच्यातल्या सूक्ष्मजीवांचे ठिपके ताईंच्या जंतूच्या बशीत लावत. "संशोधनाची माती होणार बघा," सहकारी चेष्टा करत. "होऊ दे, मला मातीच हवीय," बाई म्हणत. पण दार उघडताच त्यांची नजर आधी खळे शोधी. त्या खळ्याची आस मलाही लागली.

वर्षे लोटली. माझे दार कुरकुरू लागले, नवे यंत्र आले. तरी ताईंच्या जंतूच्या बशा बाई माझ्याकडेच ठेवत. मग एका सकाळी मातीतल्या सूक्ष्मजीवाच्या एका ठिपक्याभोवती खळे दिसले. लहान, पण लख्ख! बाईंनी भाचीला बोलावले. ताईंची ती मुलगी आता मोठी झाली होती.

"मावशी, हे तेव्हा मिळालं असतं तर?"

बाईंनी बशीवर झाकण ठेवले. "हे अजून औषध नाही गं. तपासण्यांतच वर्षं जातील. तरेल की नाही, तेही ठाऊक नाही."

भाचीने नाक ओढले. "सर्दी झालीय मला. घरी मागच्या गोळ्या उरल्यात, त्या घेऊ का?"

"खबरदार!" बाई ओरडल्या, आणि दोघी रडता रडता हसल्या.

मित्रांनो, आता मी जिन्याखाली थंड उभे आहे. त्या खळ्याचे औषध झाले का, ते सांगायला कुणी येत नाही. पावले वाजली की वाटते, बाईच आल्या. तुमच्याकडे एकच मागणे आहे. डॉक्टरांनी दिली तरच ही औषधे घ्या, आणि सांगितली तशी पुरी घ्या. नवे औषध येईपर्यंत कुणाची तरी ताई याच औषधांवर तगणार आहे.