उलट्या जिन्याचा बंगला

राहात्यात अजिनाथचा फोटो स्टुडिओ होता आणि लग्नाच्या बायोडाट्यासाठी लागणारे फोटो ही त्याची खासियत. पोरगा गोठ्यात उभा असला तरी अजिनाथ कॉम्प्युटरवर त्याला असा बागेत नेऊन ठेवायचा, की त्याच्या आईलाही वाटावं, हा नेमका तिकडे गेला कधी? बाकीचे स्टुडिओवाले माणूस कापून स्वित्झर्लंडात चिकटवतात, याचा त्याला भारी राग. तोंडावर ऊन डावीकडून आणि मागच्या डोंगरावर उजवीकडून, असं दोन सूर्यांचं गाव कुठं असतं का, असं तो तावातावाने विचारायचा. स्वतः मात्र केसाची एकेक बट सोडवून घ्यायचा, मागचं चित्र किंचित धूसर करायचा, आणि बुटाखाली सावली टाकल्याशिवाय फोटो हातात द्यायचा नाही.

लोकांची लग्नं जमवणाऱ्या या बहाद्दराचं स्वतःचं मात्र काही जमत नव्हतं. वय चौतीस. नऊ ठिकाणांहून नुसत्या फोटोवरून नकार आला होता. दहावं स्थळ बेलापूरच्या आरतीचं. तिचा फोटो बघून गडी पार पाघळला. ही गेली तर आपलं आता काही खरं नाही, असं वाटून त्याने आजवर दुसऱ्यांसाठी केलं ते स्वतःसाठी केलं. घरापुढे काढलेल्या फोटोतून स्वतःला कापलं आणि पेरूच्या बागेतल्या एका बंगल्यापुढे उभं केलं. बंगल्याचा फोटो त्याने एका लग्नाच्या ऑर्डरला गेला असताना काढून ठेवला होता. अडचण एवढीच, की बंगल्यावर ऊन उजवीकडून आणि याच्या तोंडावर डावीकडून. मग त्याने आख्खा बंगलाच आरशात दिसतो तसा उलटा फिरवला. ऊन जुळलं आणि फोटो बेलापूरला गेला.

चौथ्या दिवशी मध्यस्थाचा फोन आला. "मुलीचे वडील म्हनत्यात, बाकीचं मागनं बोलू. आधी घर बघू. उद्याच येत्यात."

अजिनाथने फोन ठेवला. त्याने आईला, भीमाबाईंना, फोटोत बंगला घातल्याचं सांगून टाकलं. "आता बंगला कुठनं आनू?"

"काढ की तुझ्या कॉम्प्युटरातनं," असं म्हणून भीमाबाई पोह्यांसाठी कांदे आणायला निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मुलीचे वडील बन्सी आले, आणि सोबत चक्क आरती. बन्सींनी उघड्या विटांची भिंत पाहिली, वरचा पत्रा पाहिला, मग खिशातून मोबाईल काढून फोटो पाहिला.

"बंगला कुठंय?"

अजिनाथने काहीतरी थाप मारायला तोंड उघडलं, पण जीभ वळेना. "न्हाई मामा. फोटोत घातलाय त्यो."

"ते दिसतंय. मी गवंडी हाय. ह्यो बंगला मीच बांधलाय. त्या बाहेरच्या जिन्याच्या वळनापायी म्हैनाभर खपलो. पर मी जिना काढला उजव्या हाताला, ह्यो डावीकडं कसा गेला? चार दिस झालं, जेवान गोड लागंना. म्हनलं, कुनीतरी माझा जिना बघून उलटा बांधलाय!"

अजिनाथने उन्हाची भानगड समजावून सांगितली. बन्सींनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला.

"बुटाखालची सावली बी तूच काढली?"

"व्हय."

"मायला! वळंब्याची दोरी लावल्यागत बसलीय की!"

"आबा, जिना ऱ्हाऊ द्या," आरती म्हणाली आणि अजिनाथकडे वळली. "मूळ फोटो हाय का?"

त्याने निमूटपणे दाखवला. तीच विटांची भिंत, पुढे अजिनाथ हसतोय, आणि बाजूला भीमाबाई हातात खराटा घेऊन कुरडयांवर आलेल्या कोंबडीच्या मागे धावताहेत.

"बंगल्यापुढं एकटेच कशाला हसताय, ते मला कळतच नव्हतं," आरती म्हणाली. "बंगला घातला त्याचं येवढं काय न्हाई. पर आईला कापलंत?"

पोह्यांच्या बश्या घेऊन भीमाबाई दारातच उभ्या होत्या. "मला कापलं? कधी?"

अजिनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नऊ नकार पचवले होते, पण आईच्या तोंडाकडे आता त्याला बघवेना. "चुकलो," तो म्हणाला. "नऊ जनांनी फोटोत हे घर बघून न्हाई म्हनलं. तुमी न्हाई म्हनू नये, असं लई वाटत हुतं. म्हनून सगळंच झाकलं."

आरतीने भीमाबाईंच्या हातातून बश्या घेतल्या. "ह्यो फोटो मला पाठवा. माझ्या आईला दाखवायचाय," ती म्हणाली. "आनि ह्यांना पुन्ना कापू नका."

बन्सी तोवर भिंतीपाशी गेले होते. दोन विटांच्या सांध्यातलं सिमेंट नखाने खरवडून त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिने हळूच होकारार्थी मान हलवली.

"लग्नाच्या तारखेची घाई करू नका," ते हात झटकत म्हणाले. "आधी मी गिलावा करून देतो. त्याला पानी माराय पंधरा दिस तरी पायजेत. तारीख त्याच्या पुढची धरा."