आधी तोंडाने, मग कागदाने

कुलगुरूंच्या निरोप समारंभातल्या भाषणांची वाटणी भौतिकशास्त्राच्या विभागप्रमुखांनी केली, आणि परीक्षेचे बैठक क्रमांक लावावेत तशी चोख केली. इमारती अभियंत्यांकडे, संशोधन अधिष्ठात्यांकडे, चॅपल आणि गायनवृंद पाळकांकडे. शेवटी ते कुलगुरूंच्या कचेरीत येऊन थांबाबाईंच्या टेबलापाशी उभे राहिले.

“तुम्हाला चार मिनिटं. काहीतरी मनातलं बोला.”

“मनातलं म्हणजे काय?”

“आता ते मी सांगू? एकवीस वर्षं सरांची पत्रं तुम्ही टाइप करताय.”

थांबाबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कुलगुरूंना भेटायला कोणीही आलं की त्यांचा पहिला शब्द “थांबा”, म्हणून विद्यार्थ्यांनी हे नाव पाडलं, आणि पुढे प्राध्यापकही लाज सोडून तेच वापरू लागले. मनातलं बोलायला बाईंची ना नव्हती. पंचाईत अशी, की त्यांच्या मनात सांगण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती सांगायची तर पोटच्या मुलाची अब्रू चव्हाट्यावर मांडावी लागणार होती.

कुलगुरूंची एक रीत होती. आनंदाचं पत्र टाइप झालं की लगेच टपालात. वाईट बातमीचं पत्र मात्र थांबायचं. कोणाची बढती नाकारलेली असो, कोणाची शिष्यवृत्ती बंद झालेली असो, सर आधी त्या माणसाला स्वतः भेटून सांगायचे आणि मगच कागद हलायचा. विश्वस्तांनी एकदा विचारलं, एवढा वेळ कुठून काढता? सर पूर्वी पाळक होते, त्यामुळे उत्तर तयारच होतं. “प्रभू माणसांच्या दारात गेला. पत्रं संत पौलाने लिहिली, पण तो बिचारा तुरुंगात होता. मी कुठे तुरुंगात आहे?”

या रीतीपायी बाईंच्या टेबलावर दोन ट्रे असत, एक लगेच जाणाऱ्या पत्रांचा आणि एक थांबवलेल्यांचा, आणि पहिल्याच वर्षी त्यांनी घोळ घातला. ग्रंथालयातल्या एका वयस्क गृहस्थांना मुदतवाढ नाकारल्याचं पत्र चुकीच्या ट्रेमधून टपालात गेलं. सरांना कळलं तसे ते अर्ध्या जेवणावरून उठले. ड्रायव्हर, सर आणि मागच्या सीटवर रडकुंडीला आलेल्या बाई, अशी वरात चाळीस किलोमीटर गेली. पोस्टमन पोहोचला तेव्हा सर त्या गृहस्थांच्या ओट्यावर चहा पीत होते आणि जे सांगायचं ते सांगून झालं होतं. गृहस्थांनी पाकीट न फोडताच खिशात टाकलं. परतताना बाईंना वाटलं, आता नोकरी गेली. शहर जवळ आल्यावर सर एवढंच म्हणाले, “दोन्ही ट्रे सारखेच दिसतात हो. एकाला लाल रंग द्या.”

ही गोष्ट सांगता आली असती. लोक हसलेही असते. पण बाईंना पक्कं ठाऊक होतं की ती अर्धीच होती.

उरलेली अर्धी चौदा वर्षांपूर्वीची. त्यांचा मुलगा याच विद्यापीठात शेवटच्या वर्षाला होता आणि वार्षिक परीक्षेत कॉपी करताना पकडला गेला. नियम स्पष्ट होता, नाव काढून टाकायचं. सरांनी बाईंना आत बोलावलं, दार लावलं आणि सांगितलं. “पत्र दुसऱ्या कोणाकडून टाइप करून घेतो,” असंही म्हणाले. बाई म्हणाल्या, “इथली सगळी पत्रं मीच करते.” आणि त्यांनी ते केलं. तीन ओळींच्या पत्राला त्यांना पाऊण तास लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला सर त्यांच्या दारात हजर. मुलगा त्यांना नाही नाही ते बोलला. सरांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “नियम मी मोडणार नाही. पण इथे येणंही सोडणार नाही.” पुढे वर्षभर दर रविवारी प्रार्थना आटोपली की ते यायचे. तंत्रशाळेचा अर्ज त्यांनीच शेजारी बसून भरून घेतला. आज तो मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो, हाताखाली चार माणसं आहेत.

समारंभाआधीच्या रविवारी मुलगा आपल्या नऊ वर्षांच्या लेकीला, ठकीला, घेऊन आला तेव्हा बाईंनी तिला खेळायला पिटाळलं आणि विचारलं, “सांगू का रे?”

त्याने हातातला कप खाली ठेवला. “नको, आई.”

“एवढी वर्षं झाली...”

“लोकांचं सोड. ठकीला वाटतं, मला यंत्रं आवडायची म्हणून मी कॉलेज सोडलं. तिने भर सभेत ऐकायचं, बाप कॉपी करताना सापडला होता?”

बाईंनी मान डोलावली, पण आतून त्या खट्टू झाल्या. ते सोडलं तर उरतं काय? सर फार चांगले होते, असं तर कोणत्याही साहेबाबद्दल म्हणतात. जिवंतपणीच श्रद्धांजली!

समारंभाला सभागृह खचाखच भरलं. अभियंत्यांनी सात इमारतींची लांबी-रुंदी सांगितली. अधिष्ठात्यांच्या आकडेवारीने निम्मी सभा पेंगुळली. मग थांबाबाई उठल्या. तिसऱ्या रांगेत मुलगा, सून आणि मध्ये ठकी. बाईंनी दोन ट्रे सांगितले, पोस्टमन सांगितला. सभा खदखदून हसली, सरांनी लाजून चष्मा पुसायला काढला. बाई थांबल्या. पुढचं सगळं ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

“तर... असे आपले सर. एवढं बोलून...”

“आजी,” तिसऱ्या रांगेतून खणखणीत आवाज आला, “बाबांचं राहिलं!”

सगळ्या माना वळल्या. बाईंनी घाबरून मुलाकडे पाहिलं. तो लालबुंद झाला होता, पण त्याने मान हलवली. सांग.

मग बाईंनी सांगितलं. कॉपी, पाऊण तास, साडेसहाची सकाळ, वर्षभराचे रविवार. आवाज दोनदा फुटला, त्यांनी तो सावरला नाही. “मी वर्षभर सरांचा राग राग केला,” त्या म्हणाल्या. “त्यांना कधी कळू दिलं नाही. आज सांगते. त्यांनी माझ्यासाठी नियम वाकवला असता, तर मी त्यांचे पाय धरले असते. पण मग त्यांच्यावर विश्वास ठेवून एकवीस वर्षं त्या खुर्चीत मला बसता आलं नसतं.”

टाळ्या वाजायला थोडा वेळ लागला. त्या वाजत असतानाच सर उठले. विभागप्रमुखांना वाटलं, उत्तराचं भाषण. त्यांनी घाईघाईने माइक नीट केला. सर मंचाच्या पायऱ्या उतरून तिसऱ्या रांगेशी गेले आणि ठकीसमोर वाकले.

“तुला ही गोष्ट कोणी सांगितली, बाळ?”

“बाबांनीच. काल. मला समोर बसवलं आणि म्हणाले, तू दुसऱ्या कोणाकडून ऐकण्याआधी मीच सांगतो.”

उत्तराचं लिहून आणलेलं भाषण सरांच्या खिशात होतं, पाच पानी. ते त्यांनी काढलंच नाही. तिथेच, रांगेच्या कडेच्या खुर्चीत ते बसले. दोन्ही हातांत त्यांनी बाईंच्या मुलाचा हात धरला होता.