ओला अंगठा

धाकटीला आपल्या जावेचं सगळ्यात जास्त काय खुपत असेल, तर तिचा उजव्या हाताचा अंगठा. तसं खुपायला बाकीही पुष्कळ होतं. मोठीचा मऊ आवाज खुपायचा. गिऱ्हाईक आलं की जागची न उठता नुसतं हसून त्याला बसवून घेणं खुपायचं. तिने सुचवलेला रंग दर वेळी बरोबरच निघायचा, हे तर फारच. पण अंगठ्याची गोष्ट वेगळी. धाकटीने जीव ओतून केलेली नावाची पट्टी हातात आली की मोठी अंगठा जिभेला लावायची आणि अक्षरांवरून चांगला दाबून फिरवायची. मग तो उजेडात धरून बघायची. शाई लागलेली नसली की म्हणायची, "ठीक आहे." बस, एवढंच. आजवर शाई एकदाही लागली नव्हती, तरी अंगठा काही थांबला नव्हता.

दोघी मिळून गोधड्या करायच्या. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीखाली लांब टेबल होतं. त्यावर मोठी कापडाचे तुकडे मांडायची. निळ्याशेजारी पिवळा ठेवू की राखाडी, यावर ती मान वाकडी करून विचार करत बसायची. धाकटी मग तिन्ही थर एकत्र धरून टाके घालायची, बारीक, सरळ, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. मांडायला एक दुपार पुरायची, टाक्यांना आठवडे लागायचे. लोक मात्र गोधडी उलगडली रे उलगडली की म्हणत, "काय रंग साधलेत मोठ्या काकूंनी!" टाक्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही. उसवले तरच जातं, आणि धाकटीचे टाके उसवत नसत, त्यामुळे तीही सोय नव्हती.

गोधडीच्या मागच्या कोपऱ्यात नावाची पट्टी लावायची टूम त्यांच्या गोधड्या विकणाऱ्या दुकानदाराने काढली. मोठी म्हणाली, "दोघींचं नाव टाकू." दुकानदार म्हणाला, पट्टी केवढीशी, त्यात दोन नावं म्हणजे नुसती गर्दी. तेव्हा धाकटीच्या तोंडून निघून गेलं, "तुमचंच टाका ताई. मला काय करायचंय नावाशी?"

आता हे तोंडदेखलं होतं, हे शहाण्या माणसाला कळायला नको? मोठीने "छे छे, असं कसं" म्हणायचं, आपण "नाही हो, खरंच नको" म्हणायचं, मग तिने हट्ट धरायचा आणि आपण अगदीच नाइलाज झाल्यासारखं कबूल व्हायचं, असा सगळा बेत धाकटीच्या मनात तयार होता. मोठी म्हणाली, "बरं." आणि तिने कात्री उचलली. त्या 'बरं'ची ठसठस धाकटीला अजून होत होती.

वर पट्ट्या करणं तिच्याच गळ्यात पडलं. पहिल्यांदा तिने चकचकीत रेशमी फीत आणली, ती इस्त्री लागताच आकसून वळवळली. मग साधी सुती फीत आणली, तर शाई पसरून अक्षरांना मिशा फुटल्या. पण धाकटी हात टेकणाऱ्यातली नव्हती. करून करून तिला सगळं गवसलं. फीत आधी गरम पाण्यातून काढून खळ घालवायची, आटायची तेवढी आटू द्यायची. वाळली की कापडावरच्या शाईने लिहायचं आणि एक दिवस तिला हात लावायचा नाही. मग फडकं घालून, उलट्या बाजूने, वाफ न सोडता कडक इस्त्री ठेवायची. फिरवायची नाही, दाबून धरायची. उष्णतेने शाई धाग्यात बसते, मग गोधडी कितीही धुवा, आपटा, पिळा, अक्षर हलत नाही. ती इस्त्री द्यायची राहिली तर मात्र शाई पहिल्याच पाण्याबरोबर निघून जाते. थोडक्यात, जावेचं नाव कधीही पुसलं जाऊ नये याची सगळी विद्या धाकटीने स्वतःच शोधून काढली होती. हे आठवलं की तिला आपल्याच हुशारीचा संताप यायचा.

"नाव कुणाचं का असेना, राहतंय घरातच ना?" असं एकदा तिचा नवरा म्हणाला.

"मग दारावरच्या पाटीवरून तुमचं काढून टाकते. दादांचं एकट्याचं राहू दे. घरातच राहील," धाकटी म्हणाली. त्यानंतर त्याने या विषयात तोंड घातलं नाही.

एवढ्यावर निभावलं असतं, पण मध्ये लेक आली. धाकटीची एकुलती एक. तिकडे मोठीचे दोन मुलगे, त्यांना गोधडी आणि चादर यांतला फरक सांगता आला असता तरी पुष्कळ. म्हणूनच की काय, मोठीने धाकटीच्या लेकीला लहानपणापासून मांडीवर घेऊन रंगीत तुकडे खेळायला दिले. धाकटी तेव्हा खाली मान घालून टाके घालत असायची. पोर रडली तरी मोठीकडे, हसली तरी मोठीकडे, आणि हाक काय, तर 'मोठीआई'. नुसती आई ती धाकटी. आई आहे आणि तिच्याहून मोठी आणखी एक आई आहे, हे दिवसातून दहादा ऐकायचं आणि वर कौतुकाने हसायचं, ही काय साधी गोष्ट आहे?

लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. तिला दिवस गेले. सातवा महिना लागला तेव्हा तिचा फोन आला. धाकटीने आधी तब्येत विचारली, खाणंपिणं विचारलं, झोप विचारली. लेक म्हणाली, "सगळं छान आहे गं. मोठीआईला दे ना फोन."

दिला. मोठी हसत हसत ऐकत होती. "हो गं, हो. मीच निवडते रंग," असं म्हणत होती. मग फोन परत धाकटीकडे आला.

"आई, बाळाची गोधडी मोठीआई करतेय," लेक म्हणाली. "पट्टी तेवढी तू कर. तुझ्या पट्टीला तोड नाही. त्यावर लिही, 'बाळाला, मोठीआईकडून.' मोठं झालं की मी दाखवीन त्याला."

"लिहिते," धाकटी म्हणाली. फोन ठेवला आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मोठीआई करतेय! टाके काय आपोआप पडतात? नातवंड माझं, टाके माझे, पट्टी माझी, आणि त्याने मोठं होऊन वाचायचं काय, तर हिचं नाव!

गोधडी मात्र सुरेख झाली. मोठीने फिका हिरवा आणि सायीच्या रंगाचा असा काही मेळ घातला की धाकटीलाही नाव ठेवायला जागा सापडली नाही, आणि तिने शोधली नाही असं नव्हे. टाके तिने नेहमीपेक्षाही बारीक घातले. प्रत्येक टाक्याबरोबर मनात म्हणायची, हा माझा, हा माझा.

मग पट्टी. अक्षर तिने मोत्यासारखं काढलं, त्यात कसूर केली नाही. दुसऱ्या दिवशी इस्त्री तापवून दुकानाच्या पट्ट्या एकेक करून दाबल्या. शेवटी बाळाची पट्टी उरली. तिने ती फडक्याखाली ठेवली, इस्त्री उचलली, आणि तशीच धरून उभी राहिली. पोराबाळाचं पांघरूण, ते धुतलं जाणारच, आणि लगेच जाणार. पहिल्या धुण्यात नाव गेलं तर कुणाचं काय बिघडणार होतं? गोधडी राहीलच. टाके राहतीलच. तिने इस्त्री बाजूला ठेवली, बटण बंद केलं आणि पट्टी बाकीच्यांत मिसळून टाकली.

आता राहिला अंगठा. पट्टी गोधडीला लावायची ती मोठीनेच, हा पहिल्यापासूनचा रिवाज. अंगठा फिरला की सगळं उघड होणार, म्हणून धाकटीने "विसरले वाटतं" हे दोन शब्द तयार ठेवले होते. पण मोठी पट्टी हातात घेणार तोच दुकानदार आला. मोठी म्हणाली, "तू बोल त्याच्याशी, मी आत बसून लावते." दुकानदार नेमका त्या दिवशी चिकटून बसला. धाकटीचे कान आत आणि डोळे त्याच्यावर. तो गेला तेव्हा मोठी गोधडी कागदात बांधून, वर सुतळीची गाठ मारून बाहेर येत होती.

"झाली," ती म्हणाली.

"पट्टी ठीक होती ना, ताई?"

"लावली," मोठी म्हणाली आणि पत्ता लिहायला पेन शोधू लागली. सुटले, असं धाकटीला वाटलं. वाटलं खरं, पण त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

लेकीला मुलगी झाली. घरात आनंदीआनंद झाला, दोघी जावा एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, आणि धाकटीचं रडणं अगदी खरं होतं. पुढे महिनाभराने लेकीचा फोन आला. मोठी तेव्हा टेबलाशी तुकडे कापत होती.

"आई, गोधडी धुतली गं आज. बाळाने कार्यक्रम उरकला होता त्यावर. पण पट्टीचं काय झालं बघ. फोटो पाठवलाय. वरचं सगळं गेलं, नुसती खालची ओळ राहिली. मोठीआईचं नाव होतं ना वर? तुझी शाई कधी जात नाही."

"कुठली खालची ओळ?" धाकटीने विचारलं.

"अगं, दोऱ्याची! तूच भरलीस ना?"

धाकटीने फोटो उघडला. गोधडीचा मागचा कोपरा. पट्टीचा वरचा भाग कोरा, थोडासा काळपट झालेला. आणि खाली, अगदी काठाला, लाल दोऱ्याने भरलेली एक ओळ होती. 'सगळे टाके तुझ्या आजीचे.' अक्षरं वेडीवाकडी, एक चढलेलं तर एक घसरलेलं. आपला हात नव्हे, हे तिने ओळखलं. सुईने अक्षर काढायला बसलं की इतकं वाकडं काढणारा हात घरात एकच होता.

"आई? ऐकतेस ना? तूच भरलीस ना?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी चाललं असतं. कुणी विचारणार नव्हतं. नातीच्या पांघरुणावर आता एकटं तिचंच नाव होतं, मनात मागितलं होतं तसंच. धाकटी म्हणाली, "नाही गं. मोठीआईने भरली ती. नंतर बोलते."

फोन ठेवून ती टेबलाशी गेली. मोठी मान वर न करता कात्री चालवत होती.

"अंगठा लावला होतात तुम्ही," धाकटी म्हणाली.

"लावला होता. काळा झाला."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू?" मोठीने कात्री खाली ठेवली. "विसरली असतीस तर बोलले असते. तू विसरणाऱ्यातली नाहीस."

धाकटीने तयार ठेवलेले दोन शब्द फुकट गेले.

"माझं नाव जाणार हे दिसत होतंच," मोठी म्हणाली. "मग पोरीच्या हातात कोरी चिंधी राहणार. म्हटलं, काहीतरी राहू दे. आणि खोटं थोडंच आहे ते? टाके तुझेच आहेत. मला अक्षर भरता येत नाही गं, तू हसू नकोस. बोटाला दोनदा सुई टोचली."

"इस्त्री तुम्हीच का नाही दाबलीत त्यावर? आतच तर होती."

"तुला नको होतं ना," मोठी म्हणाली. "त्या दिवशी तू माझंच टाका म्हणालीस आणि मी लगेच 'बरं' म्हटलं. मला वाटलं, हिला खरंच नकोय. फार उशिरा कळलं मला. तोवर लोकांच्या तोंडी माझंच नाव बसलं होतं, आणि मला ते आवडायलाही लागलं होतं."

धाकटीला वाटलं, ही भांडली असती तर किती बरं झालं असतं. चार शब्द हिने सुनावले असते, चार आपण सुनावले असते, हिशेब मिटला असता. आता काय करायचं? चोरी आपली, आणि मन मोठं करायचा मान पुन्हा हिचाच. रंगात ही पुढे, लेकीत ही पुढे, आणि आता चांगुलपणातही! तिला लाजही वाटली आणि जळफळाटही झाला, आणि त्यातलं कुठलं जास्त, ते तिचं तिलाच ठरवता येईना.

तिने धुतलेली फीत काढली, कापली आणि लिहायला बसली. 'बाळाला, मोठीआईकडून.' अक्षर पहिल्यापेक्षा सरस आलं. दुसऱ्या दिवशी तिने इस्त्री तापवली, फडकं घातलं आणि अंगातला सगळा जोर लावून दाबली. गार झाल्यावर पट्टी मोठीपुढे धरली.

"ही पाठवते. तुमच्या ओळीच्या वर लावायला सांगते तिला."

मोठीने पट्टी घेतली, अक्षरांकडे पाहिलं आणि घडी घालायला लागली. अंगठा जागचा हलला नाही.

"बघत नाही तुम्ही?" धाकटीने विचारलं.

"आता काय बघायचं? कळतंय मला."

म्हणजे विश्वास ठेवण्यातही हीच वरचढ ठरणार! धाकटीने पट्टी तिच्या हातातून ओढून घेतली आणि टेबलावर सरळ पसरली.

"नाही, ताई. लावा अंगठा."

मोठीने अंगठा जिभेला लावला, अक्षरांवरून चांगला दाबून फिरवला आणि खिडकीकडे करून दोघींना दिसेल असा धरला. अंगठा स्वच्छ होता.

"ठीक आहे," मोठी म्हणाली.